हृदयविकाराचे निदान : चाचणी आणि वेळेचे मोल

छातीत दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाला हृदयविकाराचा झटका आलेला नसतो. त्याला विनाकारण दाखल करून घेतल्यास कुटुंबावर खर्चाचा भार पडतो आणि रुग्णालयातील खाट अडते. उलट, चुकून घरी पाठविल्यास प्राणावर बेतू शकते. ही कोंडी सोडविण्यात प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे.

रक्तपुरवठा खंडित झाला की हृदयस्नायूच्या पेशी मरू लागतात आणि त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात. १९५४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ‘एसजीओटी’ या विकराची अशी वाढ दाखवून दिली. परंतु यकृताच्या विकारातही ते वाढते. पुढे आलेली ‘सीके-एमबी’ चाचणी अधिक नेमकी ठरली, तरी इतर स्नायूंच्या दुखापतीने तिचाही निष्कर्ष फसवा ठरू शकतो. ट्रोपोनिन टी आणि आय या प्रथिनांची हृदयातील रूपे मात्र इतर स्नायूंतील रूपांहून वेगळी आहेत. म्हणूनच २००० मध्ये युरोपीय व अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी झटक्याची नवी व्याख्या करताना ट्रोपोनिनला अग्रस्थान दिले.

त्यानंतर आलेल्या अतिसंवेदनशील चाचण्या या प्रथिनाचे अत्यल्प प्रमाणही मोजतात. पूर्वी दुसऱ्या नमुन्यासाठी सहा तास थांबावे लागे; आता अनेक रुग्णांबाबत एक ते तीन तासांत निर्णय घेता येतो. तथापि, मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही ट्रोपोनिन वाढलेले आढळते. त्यामुळे एका आकड्यापेक्षा दोन नमुन्यांमधील चढउतार महत्त्वाचा असतो.

या प्रगतीचा लाभ ग्रामीण रुग्णापर्यंत पोहोचवायचा तर चाचणीची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागेल. अतिसंवेदनशील चाचणीला बहुधा मोठ्या प्रयोगशाळेतील यंत्र लागते. लहान केंद्रांत वापरली जाणारी पट्टीची चाचणी पहिल्या काही तासांत नकारात्मक येऊ शकते. तेवढ्यावर रुग्णाला घरी पाठविणे धोक्याचे आहे. याउलट, ईसीजीमध्ये रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची स्पष्ट लक्षणे दिसत असतील, तर रक्ताच्या अहवालाची वाट पाहणे म्हणजे हृदयस्नायू गमावणे होय. अशा वेळी गुठळी विरघळविणारे औषध किंवा अँजिओप्लास्टी यांनाच प्राधान्य हवे.

कोणत्या स्तरावरील आरोग्य केंद्रात कोणत्या चाचण्या असाव्यात, याची राष्ट्रीय सूची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. मात्र सूचीला प्रशिक्षित तंत्रज्ञ, चालू ईसीजी यंत्र आणि तत्पर रुग्णवाहिका यांची जोड मिळाली, तरच चाचणीवरील खर्च सार्थकी लागेल. निदानात वाचलेला तास उपचाराच्या वाटेवर वाया जाता कामा नये.