विश्लेषण : सुजलेल्या गाठीला अँटिबायोटिक लागतेच का?

पाठीवर, मानेवर किंवा कानामागे वर्षानुवर्षे असलेली वाटाण्याएवढी गाठ एके दिवशी लाल होते, ठणकू लागते. 'पू झाला' असे समजून अनेक जण मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणतात. पण अशा प्रत्येक गाठीत जंतुसंसर्ग असतोच असे नाही.

मग गाठ सुजते कशाने?

बोलीभाषेत हिला चरबीची गाठ म्हणतात, आत चरबी मात्र नसते. 'एपिडर्मॉइड सिस्ट' ही त्वचेच्याच पेशींची पिशवी. तिच्यात केराटिन, म्हणजे केसांत आणि नखांत असते तेच प्रथिन, साठत राहते. दाबल्यावर येणारा पांढरट, उग्र वासाचा गर तो हाच. पिशवी आतल्या आत फुटली की केराटिन भोवतालच्या त्वचेत उतरते आणि शरीर त्याला परके समजून त्यावर तुटून पडते. सूज, लाली, ठणका बहुधा याचाच. गाठ पिळण्याचा मोह म्हणूनच महागात पडतो.

डॉक्टर काय पाहतात?

गाठ आधीपासून होती का, मध्यभागी काळा ठिपका आहे का, हाताला मऊ लागते का. पुवाच्या कल्चरचा इथे फारसा उपयोग नाही. न सुजलेल्या सिस्टमध्येही त्वचेवरचे नेहमीचे जंतू सापडतात. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत अशा गाठीसाठी कल्चरची शिफारस केलेली नाही. मुख्य उपचार म्हणजे जागा बधिर करून चीर देणे आणि आतला गर काढणे.

अँटिबायोटिक कधी?

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर, नाडी ९०पेक्षा जास्त, लाली गाठीबाहेर पसरत चाललेली किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर. मधुमेहींबाबतही डॉक्टर अधिक सावध असतात. तेव्हा सेफॅलेक्सिनसारखे औषध दिले जाते. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसची शंका असल्यास डॉक्सिसायक्लिन किंवा को-ट्रायमोक्साझोल. आपल्याकडे सर्रास खपणारे सेफिक्सिम स्टॅफिलोकोकसवर फारसे चालत नाही. शिवाय ते 'शेड्यूल एच-१'मध्ये आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे ठेवावी लागते.

चीर दिल्यावर आराम पडतो, पण पिशवीची भिंत आतच राहिली तर गाठ पुन्हा भरू शकते. त्यामुळे सूज ओसरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, ती भिंतीसकट काढतात.