गॅरेजमधील रविवार

रुग्णाला बोलते कसे करावे हे आपल्याला पुरते उमगले आहे, असा समज पस्तीस वर्षांच्या व्यवसायानंतर माझ्या मनात घट्ट बसला होता. तो मोडला आमच्या बुऱ्हाणपुरातील एका मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात. स्मरणिकेसाठी मानसिक आरोग्यावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा पुस्तकी मजकुरापेक्षा ही हकिकतच व्यवसायबंधूंपुढे ठेवावी, असे वाटले.

2021 सालच्या एप्रिल-मे महिन्यांतील कोविडची दुसरी लाट आपण सर्वांनीच अनुभवली आहे. ज्यांच्या दोन-दोन पिढ्यांना मी औषध दिले, अशी कितीतरी माणसे त्या दिवसांत गेली. लाट ओसरली, दवाखाना पूर्ववत सुरू झाला. झोप मात्र परतली नाही. पहाटे तीनला जाग येई आणि कोणाला कोठे पाठवावयास हवे होते, याचा हिशेब मनात सुरू होई. पत्नीने दोनदा सुचविले, "एखाद्या मनोविकारतज्ज्ञांना भेटून या." मी उत्तर दिले, "अगं, मी स्वतः डॉक्टर आहे." रुग्णाने असे काही म्हटले असते, तर मी त्याला चांगलेच सुनावले असते.

वडिलांनी 1981 साली घेतलेली येझदी अंगणात अनेक वर्षे धूळ खात उभी होती. ती सुरू करावी असे एके दिवशी मनात आले. जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणून ज्यांचे नाव कानावर होते, ते मिस्त्री म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडी ठेवून गेलात तर दोन महिने लागतील. रविवारी येऊन हात लावलात, तर लवकर होईल." मी गेलो, आणि तेथे एक निराळाच संसार दृष्टीस पडला.

पॉवरलूमवरील एक मास्टर, नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक शाळामास्तर आणि एक केळीबागायतदार अशी मंडळी दर रविवारी सकाळी तेथे जमत. या मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्षही नाही. चहा आळीपाळीने, आणि कोणाची गाडी सुरू झाली की त्याच्याकडून सर्वांना मावा जिलेबी. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात 1961 पासून जावा आणि पुढे येझदी गाड्या तयार होत, तो 1996 साली बंद पडला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा आली. परंतु जुन्या गाडीचा सुटा भाग आजही शोधूनच आणावा लागतो. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज लागते. एकाकडे कार्बोरेटर असतो, दुसऱ्याला क्लचप्लेट बसविण्याची हातोटी असते. साहाय्य मागण्याची लाज तेथे मुळातच उरत नाही. माझ्या मते त्या दुकानाचे सामर्थ्य यातच आहे.

पहिले तीन रविवार मी केवळ सायलेन्सरमधील काजळी खरवडीत होतो. चौथ्या रविवारी, कोणी काही विचारले नसताना, मे महिन्यातील एका रात्रीची हकिकत माझ्या तोंडून निघून गेली. मास्टरांनी मान वर केली नाही. पाना पुढे करीत ते इतकेच म्हणाले, "माझा भाऊही त्याच महिन्यात गेला." पुढे कोणी बोलले नाही. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पाच तास झोपलो.

ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला तो यानंतरचा. संबंधितांच्या अनुमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, तो सांगतो. आमचे केळीबागायतदार मित्र दोन महिन्यांत तीनदा माझ्या दवाखान्यात आले होते. जळजळ, भूक नाही, वजन उतरलेले. मी औषधे दिली, तपासण्या करविल्या. अहवाल निर्दोष आले. झोपेविषयी मी विचारले नाही. बाहेर वीस रुग्ण बसले होते, हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. पुढे ते सलग दोन रविवार गॅरेजवर आले नाहीत, तेव्हा मास्टर मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला हे ठीक दिसत नाही. मागच्या वेळी ते हातात पाना धरून नुसते बसून होते. आणि जाताना आपली हत्यारांची पेटी मास्तरांना देऊन गेले. म्हणाले, आता मला काय करायची आहे?"

जिवापाड जपलेली वस्तू अशी वाटून टाकणे ही कशाची खूण असते, हे मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो. ती खूण दिसली मात्र शाळेत जेमतेम सात इयत्ता शिकलेल्या मास्टरांना. आम्ही तिघे त्याच दुपारी त्यांच्या घरी गेलो. वादळात बाग आडवी झाली होती आणि कर्जाचे हप्ते थकले होते. मी सरळ विचारले, "जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?" ते बराच वेळ रडले, आणि "हो" म्हणाले. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले याचाच माणसाला आधार वाटतो. घरातील कीटकनाशके त्याच दिवशी थोरल्या बंधूंनी आपल्याकडे कुलपात ठेवली. रात्री त्यांना एकटे ठेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी मास्टर त्यांच्यासोबत मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. पुढच्याच आठवड्यात मीही, माझ्यासाठी, त्याच पायऱ्या चढलो.

गॅरेजमध्ये असे काय घडते? दवाखान्यात रुग्ण आणि डॉक्टर समोरासमोर बसतात. पुष्कळ पुरुषांना ती नजर पेलत नाही. गॅरेजमध्ये दोघांचीही नजर इंजिनावर असते, आणि बोलणे थांबले तरी काम चालू राहते. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकापासून 'मेन्स शेड' नावाच्या सामुदायिक कार्यशाळा याच जाणिवेतून उभ्या राहिल्या, आणि 2007 साली त्यांची देशव्यापी संघटनाही झाली. आपल्या शेजारी गोव्यात 'संगत' या संस्थेने मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांकरवी नैराश्याच्या रुग्णांना पुन्हा कामात आणि माणसांत गुंतविण्याचा उपचार करून पाहिला. सहा ते आठ बैठकींच्या या उपचाराचा लाभ दाखविणारा अभ्यास 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या गॅरेजमध्ये असा शास्त्रशुद्ध उपचार होतो, असा माझा दावा नाही. त्याची पहिली पायरी, म्हणजे अंथरुणातून उठून कोठेतरी जाणे, तेथे सहजी घडते, इतकेच.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपला मध्य प्रदेशही होता. देशातील सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे, आणि विकारानुसार 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे त्यात आढळले. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ आपल्याकडे नाहीत. तेव्हा माणसे जेथे आपणहून जमतात, त्या जागा आपण ओळखून ठेवावयास हव्यात.

त्यांच्या मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. मित्रमंडळ औषधाची जागा घेऊ शकत नाही. तीव्र नैराश्य, भ्रम, व्यसन यांवर तज्ज्ञांचाच उपचार हवा. तेथे ऐकलेले तेथेच राहिले पाहिजे; प्राण धोक्यात असेल तेवढाच अपवाद. आणि स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण पुरुषांहून अधिक असूनही त्यांच्या वाट्याला असा निवांत रविवार क्वचितच येतो. ही खंत माझ्याच घरातून मला ऐकविण्यात आली आहे, आणि ती रास्त आहे.

व्यवसायबंधूंना दोन विनंत्या. वारंवार येणाऱ्या आणि अहवाल निर्दोष असणाऱ्या रुग्णाला झोपेविषयी अवश्य विचारावे, पाठोपाठ, "पूर्वी कोठे जात होतात आणि आता जाणे का सोडलेत?" हेही विचारावे. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा 14416 हा क्रमांक प्रतीक्षालयात ठळक लावावा. दुसरी विनंती स्वतःसाठी: ज्या ठिकाणी आपण डॉक्टर नसून केवळ काजळी खरवडणारे एक गृहस्थ असू, अशी एखादी जागा प्रत्येकाने राखून ठेवावी.

येझदी सहाव्या महिन्यात सुरू झाली. त्या दिवशी जिलेबी माझ्याकडून होती. बागायतदार मित्र आले होते. त्यांची औषधे अजून चालू होती. मास्तरांनी न बोलता हत्यारांची पेटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडली, पाने मोजले आणि म्हणाले, "दहा नंबरचा कोणी घेतला?"