समजून घ्या : रबरावर उडणारं पहिलं विमान बनवायचंय? किट घेण्याआधी हे वाचा

बारामतीच्या मुलांना विमानाचं अप्रूप असलं तरी ते अनोळखी नाही. एमआयडीसीजवळच्या विमानतळावर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं आणि छोटी विमानं घिरट्या घालताना सहज दिसतात. मग घरात कधीतरी हट्ट होतोच, ‘मला उडणारं विमान बनवायचंय.’ पालक मोबाइलवर शोधतात, चित्र बघून किट मागवतात आणि बऱ्याचदा ते अर्धवट अवस्थेत माळ्यावर जातं.

मीही हेच केलं होतं. इंजिनिअरिंगला असताना दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं किट मागवलं. नखाएवढ्या पट्ट्या कापण्यात आणि टिश्यू पेपर चिकटवण्यात कित्येक रविवार गेले. विमान दिसायला देखणं झालं, पण पहिल्याच फेकीत त्याचं नाक मातीत गेलं. किट चांगलं होतं, माझी निवड चुकली होती.

हे विमान उडतं कसं?

यात मोटार, बॅटरी, रिमोट काही नसतं. विमानाच्या काडीखाली रबराचा लूप असतो. पुढचा पंखा बोटाने फिरवला की रबराला पीळ बसतो. विमान सोडलं की पीळ सुटतो आणि पंखा फिरून विमानाला पुढे ओढतो.

ही कल्पना दीडशे वर्षं जुनी आहे. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत असं विमान सुमारे ४० मीटर उडवून दाखवलं. राइट बंधूंना लहानपणी, १८७८ मध्ये, वडिलांनी आणून दिलेलं खेळण्यातलं हेलिकॉप्टरही रबरावरच उडायचं. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये आजही एरोमॉडेलिंग शिकवलं जातं.

किटचे प्रकार कोणते?

१. तयार फोमचं किंवा पातळ लाकडाचं विमान : पंख खाचेत सरकवले की झालं. दहा मिनिटांत उडतं. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी ठीक.

२. काडी आणि सपाट पंखांचं विमान : बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या काड्या, कागदाचे पंख, प्लॅस्टिकचा पंखा. अमेरिकेतल्या फ्रँक एहलिंग यांचं ‘डेल्टा डार्ट’ हे याचं प्रसिद्ध उदाहरण. यात आराखडा छापलेल्या कागदावरच काड्या चिकटवायच्या आणि तोच कागद पंख होतो. एका दुपारचं काम.

३. ‘पी-३०’ गटातलं विमान : पंखांचा विस्तार आणि लांबी जास्तीत जास्त ३० इंच, रबर १० ग्रॅमपर्यंत. उड्डाण लांब होतं, पण हे दुसरं-तिसरं विमान म्हणून घ्यावं.

४. खऱ्या विमानाची प्रतिकृती : डब्यावर सर्वांत आकर्षक, बनवायला आणि उडवायला सर्वांत अवघड.

दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी, आणि पहिल्यांदाच हात घालणाऱ्या मोठ्यांसाठीही, दुसरा प्रकार योग्य.

किट घेताना काय तपासायचं?

वजन : हलकं विमान सावकाश उडतं आणि सावकाश आपटतं, त्यामुळे मोडतही कमी.

पंखांचा कोन : समोरून पाहिल्यावर पंखांची टोकं वर उचललेली हवीत. विमानात वैमानिक नसतो. ते एका बाजूला कललं की हा कोनच त्याला सरळ करतो.

सरकणारा पंख : काडीवर पंख पुढे-मागे करता आला तर तोल साधणं सोपं जातं.

रबर : एखादा जादा लूप आहे का ते पाहा. रबराला भेगा असतील तर ते दोन-चार पिळांतच तुटेल. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर खराब होतं, म्हणून ते डबीत, अंधाऱ्या जागी ठेवा. पूर्वीचे हौशी लोक त्याला एरंडेल लावायचे. यंत्राचं तेल किंवा ग्रीस मात्र लावू नका, रबर सडतं.

पहिलं उड्डाण कसं करायचं?

आधी पीळ न देता विमान खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून हलकेच सोडा. ते नाक वर करून मग धपकन पडलं तर पंख थोडा मागे सरकवा. सरळ खाली गेलं तर पुढे घ्या. एका वेळी काही मिलिमीटरच. माझ्या त्या देखण्या विमानाची ही चाचणी मी घेतलीच नव्हती.

मग पन्नासेक पीळ द्या. विमान मागे ढकललं जात असेल तर पीळ उलट्या दिशेने बसला आहे. सुरुवातीला ते डावीकडे वळलं तर घाबरू नका. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलतं. मोठं वर्तुळ घेत असेल तर उत्तमच. नीट उडू लागलं की पीळ हळूहळू वाढवा.

उडवायचं कुठे आणि कधी?

वेळ सकाळी लवकरची, वारा पडलेला असताना. झाडाचं पान हलत असेल तर थांबा. शाळेचं मैदान चांगलं. इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात ज्वारी काढल्यावर रिकामं झालेलं रान त्याहून चांगलं, मालकाला विचारून. विजेच्या तारांपासून लांब राहा. तारेवर अडकलेलं विमान काढायला कोणीही काठी घेऊन जायचं नाही. बारामतीत विमानतळाच्या आसपास उडवू नका. भिगवणला उजनीच्या पाणलोटाकाठीही नको. विमान पाण्यात जाईल आणि पक्ष्यांनाही त्रास होईल.

सर्वांत मोठा धोका मात्र उसाचा. डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरलेलं काही ग्रॅमचं विमान शोधणं जवळपास अशक्य, तोडणी होईपर्यंत तरी.

किट मिळालं नाही तर?

ज्वारीच्या धाटांची बैलगाडी बनवलेल्या पिढीला हे सांगायला नको. बांबूची सरळ काडी, पातळ फोम शीट, कागद आणि डिंक घरी जमतात. फक्त पंखा आणि त्याची आकडी मात्र विकतची घ्या. हाताने केलेला पंखा डगमगला की सगळी मेहनत वाया जाते.

आणि पंखावर पालकांचा मोबाइल नंबर लिहायला विसरू नका. वाऱ्याने विमान शेजारच्या वस्तीवर नेलं, तर ते परत येण्याचा तेवढाच एक मार्ग.