विद्यामंदिर ते आत्मानंद: रायपूरच्या दोन शाळायोजना

मराठी वाचकाला पंडित रविशंकर शुक्ल आठवतात ते डॉ. ना. भा. खरे यांच्या प्रकरणामुळे. जुलै १९३८ मध्ये खरे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पंतप्रधानपदावरून (आजच्या भाषेत मुख्यमंत्रिपदावरून) गेले, त्या जागी शुक्ल आले आणि नागपूर-वऱ्हाडातल्या मराठी मनात त्यांच्याविषयी जी अढी बसली ती बसलीच. त्याआधीचे वर्षभर हा रायपूरचा वकील शिक्षणमंत्री म्हणून काय करत होता, हे आपल्याकडे कुणी फारसे विचारत नाही. मला त्या एका वर्षाचे वेड लागून बराच काळ लोटला आहे. खरे प्रकरणावर पुरेशी शाई खर्च झाली आहे, म्हणून ते इथेच सोडतो आणि थेट विद्यामंदिर योजनेकडे येतो.

योजना अशी होती. गावात शाळा नाही, सरकारकडे पैसा नाही. मग गावातल्या कुणी तरी जमीन द्यावी, वर्षाकाठी सुमारे दोनशे रुपये उत्पन्न निघेल एवढी. ती जमीन शाळेच्या नावे विश्वस्त निधी म्हणून राहील, स्थानिक समिती शाळेचा कारभार पाहील, सरकार शिक्षक तयार करून देईल आणि अभ्यासक्रम ठरवील. मास्तरांना महिना पंधरा रुपये, म्हणजे वर्षाचे एकशे ऐंशी. दोनशेतले उरले वीस. त्या वीस रुपयांत खडू, फळा, छपराची डागडुजी. हा हिशेब पहिल्यांदा मांडून पाहिला तेव्हा मी थक्क झालो. एवढ्या काटकसरीच्या पायावर प्रांतभर शाळा उभ्या करण्याचे धाडस करणारा मंत्री आज सापडणार नाही. आणि तरुणांनी त्याला प्रतिसाद दिला. प्रशिक्षणासाठी अर्जांची रास पडली, निवडलेल्यांनी दीर्घ मुदतीच्या सेवेची प्रतिज्ञा केली, आणि २१ एप्रिल १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा सुरू झाली.

इथे एक गल्लत दूर केली पाहिजे, कारण ती तेव्हाही झाली आणि आजही होते. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेतून आणि डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून निघाली ती नई तालीम: काय शिकवायचे आणि कसे, याचा विचार. विद्यामंदिर हा शाळा कोणी उभारायची, कोणी चालवायची आणि पैसा कुठून आणायचा, याचा विचार. शुक्लांनी दोन्ही एकत्र आणले, पण दोन्हींची मुळे वेगळी. यातले दुसरे मूळ मला जास्त मोलाचे वाटते. सरकारची मान्यता आहे, शिक्षण मोफत आहे, पण रोजचा कारभार खात्याच्या हातात नाही. अशा शाळेला अमेरिकेत चार्टर स्कूल म्हणतात. तिथे शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी ही कल्पना १९८८ मध्ये उचलून धरली (आणि पुढे तिच्याकडे पाठ फिरवली), मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये कायदा केला आणि पहिली शाळा १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात उघडली. आपल्या मध्यप्रांतात तो आराखडा त्याच्या अर्धशतक आधी कागदावर होता.

पण शाळा कागदावर सार्वजनिक असणे निराळे आणि गावातल्या प्रत्येक घराला ती आपली वाटणे निराळे. विद्यामंदिर अडखळले ते याच उंबरठ्यावर.

भांडण पेटले ते नावावरून, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. मुस्लिम कुटुंबांना 'मंदिर' ही पाटी खटकली. आपली मुले पाटीखालून आत जातील तेव्हा ती कुठे जात आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. मंदिर म्हणजे नुसते घर, विद्येचे घर, असे काँग्रेसचे लोक समजावत राहिले. समजावणे खरे होते आणि निरुपयोगीही. बाजू मांडणाऱ्याला शब्द निर्मळ वाटतो म्हणून ऐकणाऱ्याची भीती जात नाही. शिवाय नाव हे भांडणाचे फक्त तोंड होते. गावात मुसलमानांची दोन-चार घरे असतील तर समितीत त्यांचे माणूस असणार का? उर्दूतून शिकायचे तर शिक्षक कोण देणार? जमीन हिंदू मालगुजाराने दिली, तर शाळेत शब्द कुणाचा चालणार? हे प्रश्न योजना जाहीर होण्याआधी घरोघर जाऊन विचारायला हवे होते. ते विचारले गेले विधिमंडळात, मग सभांत, मग मोर्चांत. १९३८ च्या अखेरीस मुस्लिम लीगचा पीरपूर अहवाल निघाला. काँग्रेसी प्रांतांविरुद्धच्या त्या तक्रारनाम्यात विद्यामंदिराला ठळक जागा मिळाली. त्या अहवालातल्या पुष्कळ आरोपांना अतिशयोक्तीची फोडणी आहे, हे मला मान्य आहे. पण विद्यामंदिराबद्दलची तक्रार वाचताना मला लीगचे पुढारी दिसत नाहीत, एखाद्या खेड्यातला विणकर बाप दिसतो. मुलाला शिकवायचे आहे आणि शाळेने आपल्याला विचारलेच नाही, हे त्याला कळते.

योजनेविरुद्ध नागपुरात सत्याग्रह झाला. फेब्रुवारी १९३९ मध्ये मुस्लिम लीगचे लियाकत अली खान आणि शुक्ल यांच्यात बोलणी होऊन तडजोड निघाली: मुसलमानांना 'मदीनतुल इल्म' या नावाने आपल्या शाळा काढता याव्यात आणि सरकारने त्यांनाही तशीच मदत द्यावी. या तडजोडीचे त्या वेळी कौतुक झाले. माझे मत वेगळे आहे. गावात एकच शाळा परवडत नव्हती म्हणून तर ही योजना निघाली. तिथे दोन पाट्यांच्या दोन शाळा हे उत्तर म्हणजे मूळ हेतूलाच सोडचिठ्ठी. पाटी बदलून, समितीची रचना बदलून एकच शाळा सगळ्यांची करण्याची संधी तेव्हा होती. ती हुकली. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला.

रायपुरातून शाळांचा ध्यास घेणारे शुक्ल एकटे नव्हते, आणि त्यांच्या आधीची पिढी बरीचशी मराठी होती. 'छत्तीसगढ मित्र' १९०० मध्ये सुरू करणारे माधवराव सप्रे यांनी रायपुरात मुलींची शाळा काढली. वामनराव लाखे १९२१ च्या राष्ट्रीय विद्यालयामागे उभे होते. रायपूरच्या लाखेनगरातून रोज जाणाऱ्या किती जणांना ते नाव एका शिक्षणवेड्या मराठी माणसाचे आहे हे ठाऊक असेल? १९३५ पासूनच्या तिथल्या महाराष्ट्र मंडळाने स्वतःची शाळाही चालवली, ती पुढची गोष्ट.

आता त्याच वर्ध्याशी जोडलेला दुसरा धागा. रायपूरजवळच्या बरबंदा गावचे धनीराम वर्मा हे शिक्षक प्रशिक्षणासाठी वर्ध्याला आले, कुटुंब बरोबर आले. त्यांचा मुलगा तुलेंद्र, जन्म ६ ऑक्टोबर १९२९, सेवाग्रामात गांधीजींसमोर भजने म्हणे. पुढे त्याने नागपूर विद्यापीठातून गणितात एम. एस्सी. केले, नागपूरच्या रामकृष्ण आश्रमात राहिला. आयएएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही तो मुलाखतीला गेला नाही, असे त्याची चरित्रे सांगतात. संन्यास घेऊन तो स्वामी आत्मानंद झाला आणि रायपूरला परतून विवेकानंद आश्रम उभारला. विवेकानंद लहानपणी, १८७७ ते १८७९ च्या सुमारास, वडिलांबरोबर याच गावी राहिले होते. गावात योग्य शाळा नसल्यामुळे त्यांचा अभ्यास घरीच वडिलांपाशी झाला, असे त्यांच्या चरित्रात येते.

आत्मानंदांच्या ज्या कामाने मला सर्वांत जास्त खेचले ते रायपुरातले नाही, बस्तरमधल्या नारायणपूरचे आहे. १९८५ मध्ये त्यांनी अबूझमाडच्या डोंगराळ जंगलाच्या तोंडाशी आश्रमशाळा काढली. तिथल्या माडिया आदिवासी कुटुंबाने मूल निवासी शाळेत का धाडावे? जंगल सोडून, बोली सोडून, कामाचे दोन हात सोडून? हे पटवायला पत्रक उपयोगाचे नव्हते. आश्रमाने डोंगरातल्या आकाबेडा, कुतूल, इरकभट्टी, कच्चापाल, कुंदला या गावांत केंद्रे उभी केली. दवाखाना, आणि मीठ-धान्य रास्त भावात मिळेल असे दुकान. अबूझमाडात मिठासाठी दिवसभराची पायपीट होई आणि व्यापारी वनोपज मातीमोल घेऊन चिमूटभर मीठ हातावर ठेवी. खरे माप देणारे दुकान ज्यांचे, त्यांच्या शाळेत मूल धाडायला आईबाप तयार झाले. शाळेची कुटुंबाशी ओळख करून देणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला भारतात दुसरे सापडलेले नाही. २७ ऑगस्ट १९८९ रोजी राजनांदगावजवळ मोटार अपघातात स्वामीजी गेले. नारायणपूरचे काम चालू राहिले.

२०२० मध्ये छत्तीसगड सरकारने नव्या इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळांना त्यांचेच नाव दिले. १ नोव्हेंबरला, राज्योत्सवात, पहिल्या पन्नासेक शाळांचे उद्घाटन झाले. रायपुरात सुरुवातीच्या तीन: आमापाराची आर. डी. तिवारी, राजातालाबची बी. पी. पुजारी आणि फाफाडीहची शहीद स्मारक. जुन्या हिंदी शाळांच्या इमारती दुरुस्त करून तिथे प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणक आले. कारभार थेट शिक्षण खात्याकडे नव्हता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची नोंदणीकृत समिती शाळा चालवी, संविदेवर शिक्षक नेमी. पैशाचा मोठा भाग जिल्हा खनिज निधीतून आला. हा निधी २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने जन्मला: खाणमालकाने स्वामित्वधनाखेरीज, जुन्या पट्ट्यांवर त्या स्वामित्वधनाच्या तीस टक्के आणि नव्यांवर दहा टक्के, इतकी रक्कम खाणग्रस्त भागासाठी भरायची. १९३८ मध्ये शेतजमिनीच्या पिकावर शाळा चालणार होती, २०२० मध्ये जमिनीखालच्या कोळशा-लोखंडावर चालली. छत्तीसगडच्या शाळेला दोन्ही वेळा मातीनेच पैसा पुरवला, आणि दुसऱ्या वेळी ती माती ज्यांच्या पायाखालून गेली ती गावे रायपुरातली नव्हती. माझ्या मते हा या योजनेतला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

प्रवेश सोडतीने. आपल्याकडे आरटीईच्या सोडतीची धाकधूक ज्यांनी अनुभवली त्यांना हे वेगळे सांगायला नको. इथे निम्म्या जागा मुलींना आणि एक चतुर्थांश गरीब कुटुंबांना, शिवाय कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या 'महतारी दुलार' योजनेतल्या मुलांना अग्रक्रम. अमेरिकेतल्या ज्या चार्टर शाळा जाणूनबुजून सगळ्या थरांतली मुले एकत्र आणतात, त्यांतल्या काही शाळाही सोडतीला असेच वजन लावतात. लोकांच्या बोलण्यातून 'शासकीय उत्कृष्ट अंग्रेजी माध्यम विद्यालय' हे लांबलचक नाव गळून पडले, राहिले फक्त 'आत्मानंद'. खासगी शाळेची फी भरणारा दुकानदार आणि रिक्षावाला एकाच सोडतीच्या यादीत नाव शोधू लागले. सरकारी शाळेच्या बाबतीत हे किती दिवसांनी घडले!

पण या वेळीही कुणाला तरी आधी विचारायचे राहिले. त्या इमारतींत हिंदी माध्यमाची मुले शिकत होती. अनेक ठिकाणी त्यांना माध्यम बदला किंवा जवळच्या दुसऱ्या शाळेत जा, असे सांगण्यात आले. पालक रस्त्यावर आले. मला यात सहावी ते आठवीच्या, म्हणजे मिडिलच्या मुलांचा प्रश्न सगळ्यांत बिकट वाटतो. पहिलीतले मूल कोणतीही भाषा उचलते. दहावी-बारावीचा विद्यार्थी जुन्या माध्यमातच राहायचे म्हणून हट्ट धरू शकतो. सहावीच्या मुलाने पाच वर्षे हिंदीतून गणित केलेले असते, घरी छत्तीसगढी बोललेली असते, आणि नव्या वर्गात 'फ्रॅक्शन' म्हणजे आपलाच अपूर्णांक हे कळेपर्यंत निम्मे सत्र संपते. घरी विचारावे तर आई स्वतः पाचवी शिकलेली. तिला कुणी बसवून समजावले का, की पहिले वर्ष जड जाईल, गुण घसरतील, तेव्हा मुलाला काढू नका, शाळेत येऊन बोला? अर्ज कसा भरायचा हे सांगणारी माहितीपत्रके भरपूर निघाली. त्या आईला जे ऐकायला हवे होते ते पत्रकात मावणारे नव्हते, त्यासाठी शिक्षकालाच तिच्या अंगणात जाऊन बसावे लागते.

पुढे योजनेने या टीकेची दखल घेतली, हे नोंदवले पाहिजे. २०२२ पासून आत्मानंद नावाच्या हिंदी माध्यमाच्या शाळाही सुरू झाल्या आणि २०२३ पर्यंत दोन्ही मिळून संख्या सातशेच्या वर गेली. ही वाढ मला जरा घाईची वाटते. पन्नास शाळांना निवडून शिक्षक मिळतात, सातशेंना मिळतील ते घ्यावे लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये सत्ता बदलली आणि २०२४ च्या सुरुवातीला नव्या सरकारने समित्यांचा कारभार संपवून या शाळा शिक्षण खात्याखाली आणण्याची घोषणा केली. संविदेवरच्या शिक्षकांना त्यात पक्क्या नोकरीची आशा दिसली, ती रास्त आहे. मात्र मान्यता सरकारची आणि कारभार स्थानिक, हा शुक्लांच्या काळापासूनचा प्रयोग तेव्हा दुसऱ्यांदा आवरता घेण्याचे ठरले. समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांऐवजी पालकांकडे असते, आमापारा-राजातालाबची चार माणसे तिच्यात मताच्या अधिकारासह बसली असती, तर तो आवरणे इतके सोपे गेले नसते. जिल्हाधिकारी बदलून जातात, पालकांना मात्र मूल आठवी पार करेपर्यंत त्याच वस्तीत राहायचे असते.