उघड्या लोखंडावर ‘क्लिअर’ मारावे की नाही? गाडीवाल्यांनी समजून घ्यावे असे काही

मोहगाव (सौंसर): संत्र्याच्या फवारणीसाठी बोर्डो मिश्रण तयार झाले की जाणते शेतकरी त्यात घासून चकचकीत केलेला विळा थोडा वेळ बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे आणि आणखी चुन्याचे पाणी ओतायचे. हा तांबूस थर म्हणजे मोरचुदातले तांबे. ते पात्यावर बसते तेव्हा तेवढे लोखंड झिजून पाण्यात जाते. उघडे लोखंड किती लवकर हार मानते, हे बागेतच दिसते.

हेच मिश्रण, खत आणि ओली माती घेऊन सौंसर-पांढुर्ण्याकडच्या पिकअप आणि जीप बागेतून रस्त्यावर येतात. पलीकडे काटोल-वरुडच्या संत्रापट्ट्यातही तेच चित्र. त्यामुळे कुठे पॉलिश केलेला बंपर, कुठे अलॉय चाक, कुठे रंग घासून काढलेला पत्रा गॅरेजमध्ये येतो आणि मालक म्हणतो, “चमक तशीच राहू द्या, वरून फक्त क्लिअर मारून द्या.” क्लिअर म्हणजे पारदर्शक लॅकर. प्रश्न असा की त्याने गंज खरंच थांबतो का?

क्लिअर म्हणजे फक्त छत्री

गंजाला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन असे तिघे लागतात. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो. पावसाळ्यात आपल्याकडे ही मर्यादा रोजच ओलांडली जाते. क्लिअरचा थर पाणी अडवतो, पण तो छत्रीसारखा आहे. छत्रीला भोक पडले की खालचा माणूस भिजणारच.

प्रायमरचे काम वेगळे. झिंक फॉस्फेटसारखे गंजरोधक घटक असलेला प्रायमर थोडा ओरखडा पडला तरी त्या जागी गंजाला काही काळ आवर घालतो. पारदर्शक थरात हे घटक सहसा नसतात, कारण ते घातले तर थर पारदर्शक राहत नाही. दुसरी अडचण उन्हाची. रंग ऊन वरच अडवतो, क्लिअरमधून मात्र काही किरण थेट धातूपर्यंत जातात आणि कालांतराने धातू व लॅकरची पकड सैल होते.

एकदा गिट्टी उडून टवका गेला की पाणी थराखाली शिरते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो वरचा थर उचलतो आणि आत पसरत जातो. अलॉय चाकांवर लॅकरखाली पांढऱ्या, अळीने कोरल्यासारख्या रेघा दिसतात, त्या याच प्रकारच्या. त्यावर पुन्हा क्लिअर मारून काही होत नाही. सगळा थर काढूनच नव्याने सुरुवात करावी लागते.

कुठे लावावे?

ॲल्युमिनियम, पितळ आणि दिखाऊ भागांवर क्लिअर शोभते आणि टिकतेही. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो, त्यामुळे ते लोखंडासारखे गंजत नाही. फक्त काळवंडते, आणि मोरचुदाचे पाणी साचून राहिले तर त्यावर खड्डे पडतात. लोखंडी पत्रा, चेसिस आणि मडगार्डची आतली बाजू यांना मात्र प्रायमर आणि रंगच हवा. खालच्या बाजूला, सांध्यांत मेणयुक्त किंवा तेलकट गंजरोधक जास्त उपयोगी, कारण ते फटीत शिरते आणि दरवर्षी पुन्हा मारता येते.

कुठे अजिबात नको?

ही यादी शोभेची नाही, जिवाची आहे. ब्रेक डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर किंवा ड्रमच्या आत लॅकर गेले तर ब्रेक लागण्यात फरक पडतो. रात्रभराच्या पावसाने डिस्कवर आलेला तांबूस थर दोन-चार वेळा ब्रेक दाबला की निघून जातो, त्याला औषध लागत नाही. चाकाच्या नटची बैठक आणि हबला टेकणारी बाजूही कोरीच ठेवावी. मध्ये आलेला थर दबतो आणि घट्ट आवळलेले नट सैल पडू शकतात. बॅटरीच्या अर्थिंगच्या जागी लॅकर मारले तर करंट अडतो. तिथे आधी घट्ट जोडणी करून वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे. सायलेन्सरवर साधे लॅकर पिवळे पडून जळते, त्याला उष्णतारोधक सिलिकॉन पेंटच लागतो.

करायचेच असेल तर

अर्धे यश तयारीत आहे. गंजाचा कण शिल्लक राहिला तर तो लॅकरखाली वाढतच राहतो. घासून झाल्यावर ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावे आणि मग हात लावू नये, घामातले मीठही डाग पाडते. त्याच दिवशी पहिला हात मारावा. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर लॅकर नीट धरत नाही. 320-400 नंबरच्या पेपरने घासले तर पकड येते, पण चमक कमी होते. दोन्ही एकदम मिळत नाहीत, हे मालकाने आधीच ठरवावे. एक जाड थर देण्यापेक्षा मध्ये वाळू देत दोन-तीन पातळ थर बरे. कडा आणि बोल्टची छिद्रे विसरू नयेत, थर तिथूनच उचलतो.

ऋतूही पाहावा. पावसाळ्यात ओल्या हवेने लॅकरवर पांढुरकी झाक येते. मे महिन्याच्या उन्हात फवारा धातूवर पडण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दसऱ्यानंतर होळीपर्यंत, दव उडून गेल्यावर, हे काम चांगले होते.

फवारणाऱ्याची छाती

हार्डनर घालायचे टू-के क्लिअर साध्या लॅकरपेक्षा कणखर असते. पेट्रोल-थिनरलाही ते चांगले तोंड देते. पण बहुतेक हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्या वासानेही त्रास उठतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क तिथे कामाचा नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क आणि धूर खेचणारा पंखा असेल, तिथेच हे काम द्यावे. घरच्या पडवीत, लेकरे आजूबाजूला असताना तर नकोच.

चमक हवी तिथे क्लिअर आणि वजन पेलायचे तिथे रंग, असा सरळ हिशेब आहे. आणि क्लिअर मारले तरी बागेतून परत आल्यावर गाडीवर साध्या पाण्याची एक पाइप मारायला विसरू नये.