डेटाबेस क्लस्टरमधील घड्याळे: काही रूढ समजुती

एकाच डेटाबेसचा कारभार अनेक सर्व्हरांवर वाटून देणाऱ्या पुष्कळ मंडळींची अशी दृढ समजूत असते की, यंत्रे नवी असली आणि स्थापनेच्या वेळी सर्वांची घड्याळे बिनचूक लावून दिली, म्हणजे काळाची विवंचना कायमची मिटली. वस्तुतः यंत्रातील क्वार्ट्झ स्फटिकाची गती उष्णतामानानुसार बदलते, आणि दहा लाखांत वीस भाग ही क्षुल्लक भासणारी चूकसुद्धा दिवसाकाठी सुमारे 1.7 सेकंदांची तफावत पाडते. कॅसान्ड्रा या डेटाबेसमध्ये एकाच रकान्यावर दोन लेखने झाली, तर ज्याचा कालशिक्का पुढचा तेच ग्राह्य ठरते. त्यामुळे पुढे धावणाऱ्या घड्याळाच्या शिक्क्याने नोंद खोडली गेली असता, त्यानंतर क्षणभराने योग्य घड्याळाच्या शिक्क्यानिशी आलेले नवे लेखनही त्या खोडण्याखाली गडप होते, आणि ना कोठे त्रुटीची वर्दी येते, ना लिहिणाऱ्यास खबर लागते. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत भयावह वाटते ती ही निःशब्द हानी. शिवाय हा शिक्का हल्ली बहुधा लेखन धाडणाऱ्या प्रोग्रामच्या यंत्रावरच उमटतो, हे ध्यानी घेता केवळ डेटाबेसचे नोड एका वेळेवर आणून भागत नाही. त्या यंत्रांचाही बंदोबस्त करावा लागतो.

घड्याळे जुळवून घेण्यासाठी दोन कालस्रोत नेमले म्हणजे एक बिघडला तरी दुसरा आहेच, हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड दिसतो; परंतु दोहोंत मतभेद झाल्यास खोटा कोण, याचा निवाडा करणारा तिसरा तेथे नसतो. म्हणून निदान चार स्रोत, आणि सर्व नोडांना तेच चार, अशी तजवीज करावी, म्हणजे एक बंद पडला तरी उरलेल्या तिघांत बहुमत संभवते.

घड्याळ चुकले की तत्काळ योग्य वेळेवर आणून ठेवावे, ही समजूत तर विशेष घातक आहे, कारण चालू डेटाबेसखाली काळ मागे उडाला म्हणजे नंतरच्या नोंदीला आधीचा शिक्का मिळतो. घड्याळ जुळविणाऱ्या क्रोनी या प्रोग्राममध्ये ‘मेकस्टेप 1.0 3’ असे लिहिले असता, सेकंदाहून मोठ्या चुकीसाठी अशी उडी पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच अनुज्ञेय राहते, आणि पुढे घड्याळाची गती किंचित वाढवून वा घटवून फरक हळूहळू भरून काढला जातो.

एवढे करूनही घड्याळे तंतोतंत एक होत नाहीत. चुकीला मर्यादा तेवढी पडते. गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसचे 2012 साली प्रसिद्ध झालेले वर्णन हेच सत्य पायाशी धरते: उपग्रह आणि अणुघड्याळे हाताशी असूनही त्याचे ट्रूटाइम एक क्षण न सांगता, खरी वेळ ज्यांच्या दरम्यान आहे अशा दोन सीमा सांगते, आणि व्यवहाराचा शिक्का निश्चितपणे भूतकाळात जमा होईपर्यंत त्याची निष्पत्ती जाहीर करीत नाही. कॉकरोचडीबी या डेटाबेसात घड्याळांतील फरकाची मर्यादा मुळात 500 मिलिसेकंद मुकरर असून, इतर नोडांपैकी निदान निम्म्यांशी तिच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त फरक पडलेला नोड स्वतःहूनच बंद होतो. अशा नोडास पुन्हा कामावर घेण्यापूर्वी ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ हा हुकूम चालवून त्याच्या घड्याळाची खातरजमा करावी, नुसती मर्यादा वाढवून त्याला आत घेऊ नये.