अंगणवाडी सेविकेलाही हवी लवचिकता

घरून काम, सोयीच्या वेळा या सवलती कार्यालयांत रुळल्या. अंगणवाडीत मात्र तीन ते सहा वर्षांची मुलं समोर असतात. त्यांना सोडून सेविकेला हलता येत नाही. म्हणून तिच्यासाठी लवचिकतेचा विचार वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो.

कामाचा पसारा

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या आणि अंगणवाड्यांमार्फत राबवल्या जाणाऱ्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, आरोग्य व पोषण शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा येतात. सकाळी बडबडगीतं, मग खाऊ, वजन-उंची, गृहभेटी. २०२१ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर नोंदीही आल्या. अंगणवाडीत रेंज नसली, की ही माहिती घरी स्वयंपाक आटोपून भरायची.

नियम आणि न्यायालय

केंद्र सरकारच्या नियमांत वर्षाला २० दिवसांची रजा आणि १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. सेविका मात्र आजही ‘मानसेवी’च, म्हणजे पगारावर नाही तर मानधनावर. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. त्यांचं काम अर्धवेळ म्हणता येणार नाही, हेही स्पष्ट केलं.

काय करता येईल?

- बदली सेविका: रजेवर गेलं की शेजारच्या सेविकेवर अतिरिक्त कार्यभार पडतो. मग रजा मागायलाच संकोच वाटतो. प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, प्रशिक्षित बदली सेविका हवी.
- नोंदींसाठी वेळ: मुलं घरी गेल्यावरचा ठरावीक वेळ कामाच्या तासांतच धरावा.
- गृहभेटींची मुभा: दुपारी आई शेतावर असते, भेटते ती संध्याकाळी. तेवढा वेळ दुसऱ्या दिवशी वळता करून मिळावा.
- सुट्टीला सुट्टी: रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवरून तातडीचे तक्ते मागवू नयेत.

मुलांचा फायदा

नवं मूल अंगणवाडीत आलं की पहिले काही दिवस रडतं. त्याला जवळ घ्यायला, त्याच्या कलाने घ्यायला शांत मन लागतं. दमलेल्या, धास्तावलेल्या सेविकेकडून ते रोज कसं होणार?

पहिलं पाऊल

बदली सेविका नेमायची तर पैसा लागेल आणि तो सरकारनेच द्यायला हवा. रविवारचे निरोप थांबवायला मात्र एक छदामही लागत नाही. पर्यवेक्षिका आणि प्रकल्प अधिकाऱ्यांनी तेवढं या आठवड्यापासून करावं. पालकांनीही ग्रामसभेत सेविकेच्या रजेचा प्रश्न मांडावा. तो त्यांच्याच मुलांचा प्रश्न आहे.